नागसेनचं ताट

वडीगोद्री,
२० जून १९७६

तीर्थरूप आबा,

एका लेकराचं ताट बाकीच्यांपासून वेगळं मांडलं, तर ते काळजीचं असतं की कमीपणाचं? आठ दिवस मी या प्रश्नाशी झटते आहे आणि मला उत्तर देता येत नाही. घरातली पहिली बी.ए. म्हणून तुम्ही मला चार माणसांत मिरवता. त्या बी.ए.ला हे कळत नाही, म्हणून तुम्हाला विचारते.

नागसेनला मागच्या सोमवारी इथल्या बालवाडीत घातलं. बालवाडी महिला मंडळाची आहे. एक खोली, पुढे ओटा, सत्तावीस मुलं. शिकवायला उषाबाई आणि खाऊ करायला म्हाताऱ्या तुळजाबाई. खाऊ एकच, शेंगदाण्याचा लाडू. मंडळाच्या अध्यक्ष गिरिजाबाई आपल्या शेतातल्या शेंगा बालवाडीला देतात, त्यामुळे गावातलं एकही लेकरू उपाशी घरी जात नाही. एरवी मी त्यांचे आभार मानले असते.

संक्रांतीत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मच्छिंद्रच्या कालव्याच्या ऑफिसात कुणीतरी नागसेनला चिक्कीचा तुकडा दिला आणि पाच मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. ऑफिसची जीप होती म्हणून जालन्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचलो. तुम्ही तेव्हा बाहेर व्हरांड्यात होता, म्हणून डॉक्टरीणबाई आत काय म्हणाल्या ते तुम्ही ऐकलं नाही. त्या म्हणाल्या, याला ॲलर्जी आहे. शेंगदाणा आपल्यासाठी अन्न आहे, याच्या शरीरासाठी विष आहे. आणि पुढच्या वेळी याहून जास्त होऊ शकतं. तेव्हापासून माझ्या घरात शेंगदाणा नाही, कूट नाही, घाण्याचं तेल नाही.

हे सगळं मी उषाबाईंना सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, मग असं करू, त्याचं ताट-पेला घरून पाठवा, आणि खाऊच्या वेळी त्याला बाहेर ओट्यावर बसवू, म्हणजे कुणाचं काही त्याच्या तोंडात जायचं नाही.

बोलणं बरोबरच आहे. मी डॉक्टर असते तर मीही हेच सांगितलं असतं. पण नाव घालायला गेले तेव्हा याच उषाबाईंनी आधी आडनाव विचारलं होतं, मग लेकराचं वय. आता त्या ओटा म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात शेंगदाणा आहे की आडनाव, हे मला कसं कळावं? कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल.

अजून मी हो म्हटलेलं नाही. रोज खाऊच्या आधी त्याला घरी घेऊन येते. तो विचारतो, सगळे बसले, मी का नाही?

मायला सांगा, तिने पाठवलेलं अंगडं त्याला बरोबर बसलं.

तुमची
प्रभा

---

मस्तगड, जालना
ता. १ जुलै ७६

प्रभा बाळ,

तुझं पत्र भेटलं. तुझ्या मायला दोनदा वाचून दाखवलं. तू नवऱ्याचं नाव पत्रात सरळ लिहितीस म्हणून ती पदर तोंडाला लावून हसून राह्यली. म्हणली, आपल्या येळंला असं न्हवतं. मी म्हणलो, आपल्या येळंला पत्र तरी कुठं होतं.

तू प्रश्न विचारलास. उत्तर एका ओळीचं आहे. पोराला ओट्यावर बसू द्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई.

तुला कधी बोललो न्हाई ते आज लिहितो. मी शाळेत दोन वर्षं गेलो. राज्य निजामाचं होतं. सरकारच्या सालगिऱ्याला म्हणजे निजामाच्या वाढदिवसाला शाळेत बुंदी वाटायचे. बाकीच्या पोरांच्या हातावर द्यायचे. माझी बुंदी कागदावर घालून पायरीवर ठेवायचे. मास्तर चार पावलं मागं सरकला की मंग मी उचलायची. बुंदी गोडच होती. ते मी खोटं बोलणार न्हाई. पण त्या दिवसापासून मला बुंदी जात न्हाई. तुझ्या लग्नात मी बुंदी होऊ दिली न्हाई, ते तुला आठवत असंल. तू रुसली होतीस.

तो मास्तर बी वाईट माणूस न्हवता. मला शिकवायचा. पण पायरी ती पायरी.

आता दुसरी गोष्ट. शेंगदाण्यानं माणूस मरत असता तर बहात्तरच्या दुष्काळात आम्ही सगळे खडीच्या कामावर मेलो असतो. मूठभर शेंगदाणे अन् वर पाणी, त्याच्यावर दिवस काढले. पंचवीस वर्षं मी मोंढ्यात शेंगांची पोती पाठीवर वाहून राह्यलो. त्याच पोत्यांनी तुझी फी भरली. त्या पोत्यातला दाणा माझ्या नातवाला विष कसा होईल? लेकराला त्या दिवशी कशाची तरी हवा लागली असंल, न्हाईतर चिक्की जुनी असंल. डॉक्टर लोक शिकलेले आहेत, पण त्यांचं बी एखाद्या येळंला चुकतं. तुझं डोकं पुस्तकात जास्त जातं, एवढंच माझं म्हणणं.

तरी तुझं लेकरू आहे. नको देऊ शेंगदाणा. पण बसंल तर रांगेत बसंल. त्या बाईला माझं नाव सांगून सांग.

मच्छिंद्ररावांना जयभीम.

रखमाजी

---

वडीगोद्री,
१८ जुलै १९७६

तीर्थरूप आबा,

तुमचं पत्र मच्छिंद्रला वाचून दाखवताना पायरीपाशी मला थांबावं लागलं. पुढचं त्यानेच वाचलं. लग्नात मी रुसले होते ते आठवलं आणि लाज वाटली. आबा, तुम्ही हे आधी का सांगितलं नाहीत?

दुसऱ्याच दिवशी मी उषाबाईंना सांगितलं, नागसेन रांगेत बसेल. खाऊ त्याचा घरचा, ताट घरचं, जागा मात्र रांगेतली. त्या म्हणाल्या, मग जबाबदारी तुमची. मी म्हणाले, माझीच आहे. तेव्हापासून रोज खाऊच्या वेळी मी जाते आणि त्याच्या शेजारी मांडी घालून बसते. मुलांना वाटतं, मीही बालवाडीत नाव घातलं आहे. एका मुलाने मला विचारलं, तुला अजून अ येत नाही का?

नागसेन ज्वारीच्या लाह्या आणि गूळ खातो. त्याला एक वाक्य शिकवलं आहे, "मला शेंगदाणा चालत नाही." तो ते सगळ्यांना सांगतो. काल पोस्टमनला सांगितलं, आणि गोठ्यातल्या म्हशीलाही.

पण मागच्या मंगळवारी मी क्षणभर मान वळवली, आणि शेजारच्या मुलीने प्रेमाने आपला अर्धा लाडू त्याच्या लाह्यांवर कुस्करला. तो तुकडा त्याने खाल्ला नाही, बाजूला काढून ठेवला. नुसत्या त्याला लागलेल्या लाह्या खाल्ल्या. तेवढ्यावर मानेपासून पोटापर्यंत गांधी उठल्या आणि एक डोळा मिटला. कंपौंडरने इंजेक्शन दिलं, दीड तासाने उतरलं. त्या लाह्या ताज्या होत्या, आबा, आणि हवा त्या दिवशी नेहमीचीच होती. तुम्ही म्हणता माझं डोकं पुस्तकात जातं. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. त्याच्या अंगावर पाहिलं आहे.

गावात बोलणी होतात. गिरिजाबाई परवा विहिरीवर म्हणाल्या, माझ्या शेंगांना आजवर कुणी नावं ठेवली न्हाईत. रोज वीस मिनिटं मान न वळवता बसणं, एवढंच सध्या मी करू शकते. पण हे असं किती दिवस, हेही मला कळतं.

आता कामाचं. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेच्या जागेसाठी औरंगाबादला दहा ऑगस्टला मुलाखत आहे. मच्छिंद्रला रजा नाही. नऊ तारखेला मी नागसेनला तुमच्याकडे सोडते आणि अकराला परत घेऊन जाते. मायला हे नीट वाचून दाखवा. त्याचं जेवण आपल्या पाट्यावर वाटू नये, पाट्यात कूट मुरलेलं असतं. करडईच्या तेलाची बाटली मी आणते, त्याच्या भाजीला तेच वापरावं. त्याचं ॲल्युमिनियमचं ताट आणि पेला आणते, त्यातच वाढावं, दुसऱ्या कुणाच्या ताटातलं काही देऊ नये. आणि आबा, मोंढ्यातून तुमच्या कपड्यांवर शेंगांची धूळ येते, म्हणून अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावू नका.

एवढं सांभाळलंत की मला मुलाखतीत दुसरा विचार येणार नाही.

तुमची
प्रभा

---

वडीगोद्री,
१७ ऑगस्ट १९७६

तीर्थरूप आबा,

मुलाखत चांगली झाली. पाच माणसं बसली होती. मी न घाबरता उत्तरं दिली. यादी दिवाळीपर्यंत लागेल म्हणतात.

हे पत्र मात्र त्यासाठी नाही.

अकराला मी संध्याकाळच्या गाडीने आले तेव्हा नागसेन झोपलेला होता आणि त्याच्या पापण्या सुजलेल्या होत्या. मी विचारलं, तुम्ही म्हणालात, मच्छर फार झालेत. माय चुलीकडे तोंड करून बसली होती. तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून मी घाई केली. ती घाई मी करायला नको होती.

घरी आल्यावर त्याच्या दंडावर सुईची खूण दिसली. एक नाही, दोन. तिसऱ्या दिवशी खेळता खेळता तो आपणहून म्हणाला, "आबानं मांडीवर घेतलं. आबाच्या ताटात जेवलो. मग टांग्यात बसलो." टांगा त्याला फार आवडला असावा, घोड्याचा रंगही सांगितला.

आबा, मी भांडायला लिहीत नाही. तुम्ही त्याचं वाईट चिंतलं असं माझ्या मनात एक क्षणही आलेलं नाही. पण काय झालं ते मला पूर्ण कळलं पाहिजे. त्याने काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने त्रास सुरू झाला, श्वास कितपत अडला, दुसरं इंजेक्शन का द्यावं लागलं. इथल्या कंपौंडरला हे सांगून ठेवायचं आहे. पुढच्या वेळी त्याच्यापाशी औषध किती असावं, ते यावर ठरणार आहे. तुम्ही लपवलंत तर मी अंधारात राहते, आणि माझ्याबरोबर तोही.

आणि एक विचारते. तुम्ही माझं पत्र वाचलं होतं. सगळं स्पष्ट लिहिलं होतं. मग का?

प्रभा

---

मस्तगड, जालना
ता. ३ सप्टेंबर ७६

प्रभा बाळ,

पंधरा दिवस झाले, मी पत्र लिहून फाडून राह्यलो. तुझी माय म्हणली, आज न्हाई लिहिलं तर मी शेजारच्या पोराकडून लिहून घेते अन् सगळं सांगते. म्हणून लिहितो.

तुझं जुलैचं पत्र मी वाचलं. पाट्याचं वाचलं, तेलाचं वाचलं, ताटाचं वाचलं. मंग शेवटचं वाचलं. अंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावू नका. बाळ, हे बोलणं मी जन्मभर ऐकलं. पाटलाच्या तोंडून ऐकलं, सावकाराच्या म्हातारीच्या तोंडून ऐकलं. आपण छप्पन साली धम्म घेतला तेव्हा म्हणलो, आता हे ऐकणं सरलं. अन् ते माझ्या लेकीच्या अक्षरात आलं. तेच अक्षर, जे मी कंदिलाजवळ बसून तुला गिरवायला लावलं होतं. मी मायला ती ओळ वाचून दाखवली न्हाई. तिला अजून बी ठाऊक न्हाई.

दहा तारखेला मी मोंढ्यातून आलो. शेंगांचीच गाडी होती. माय पाणी तापवून राह्यली होती. पोरगा पळत आला. मी म्हणलो, आज मी अंघोळ करत न्हाई. माझा नातू माझ्याच अंगाला शिवंल अन् माझ्याच ताटात जेवंल. त्याला मांडीवर घेतलं. त्याचं जर्मनचं ताट मी उचलून फळीवर टाकलं. माय ओरडली, तिला गप केलं. भाकरीचा तुकडा मोडून चटणीत घातला अन् त्याच्या तोंडात दिला. त्यानं मान हालवली. ते तू शिकवलेलं वाक्य बी बोलला. मी म्हणलो, आबाच्या हातचं चालतं. मंग त्यानं खाल्लं. माझ्यावर भरवसा ठेवून खाल्लं.

दोन घास. बोटाच्या पेराएवढे. तू किती येळ विचारलंस, तर मी तिसरा घास मोडून राह्यलो होतो, तेवढ्यात त्यानं गळा धरला. मंग उलटी झाली. ओठ काळेनिळे झाले. मायनं त्याला पदरात उचललं अन् अनवाणी पळाली. मी मागं. नाक्यावर टांगा भेटला. टांग्यात त्याचा श्वास शिट्टीवानी वाजून राह्यला होता, अन् मंग तो वाजणं बी कमी झालं. ते वाजणं कमी झालं तेव्हा मला कळलं की तू लिहिलेलं सगळं खरं होतं.

आता सगळ्यात वाईट सांगतो. डॉक्टरीणबाईनं विचारलं, काय खाल्लं? मी म्हणलो, काही न्हाई. तोंडातून निघून गेलं. नातवाचा जीव चालला होता अन् मी माझी अब्रू धरून उभा राह्यलो. तुझी माय म्हणली, "शेंगदाण्याची चटणी. ह्यांनी चारली." मंग बाईनं सुई दिली. अर्ध्या घंट्यानं पुन्हा फुगला, म्हणून दुसरी दिली. रातभर तिथंच ठेवलं. सकाळी त्यानं चहा मागितला.

तुझी माय आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. बराबर होतं तिचं.

मी तुला माफी मागत न्हाई, कारण तू लगेच देशील अन् मंग मला सोपं होईल. फक्त एवढं सांग, त्याला आता माझ्याजवळ येऊ देशील का न्हाई. न्हाई म्हणलीस तरी मी समजंन. तसं असलं तर येकदा मोकळं लिहून टाक. वाट बघायला लावू नको.

रखमाजी

---

वडीगोद्री,
१६ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप आबा,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. तुम्ही "काही न्हाई" म्हणालात तिथे मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा माझीच ओळ माझ्यासमोर आली. मी ती लिहिली तेव्हा फक्त धूळ माझ्या डोळ्यांपुढे होती. तुम्ही नव्हता. वेळच्या वेळी मला तुमची बुंदी आठवायला हवी होती, कारण ते पत्र तर माझ्या हातात होतं. उषाबाईंच्या मनात काय आहे हे मी शोधत राहिले, आणि माझं वाक्य तुमच्या मनात कसं उतरेल याचा विचार मी केला नाही.

तरी आबा, अंघोळ लागेल. ते मी मागे घेत नाही. मच्छिंद्रलाही लागते, मलाही लागते. बाजारातून आले की मी आधी हातपाय धुते, लुगडं बदलते, मग नागसेनला घेते. यात लहानमोठं कुणी नाही. जो शेंगदाण्याजवळून येईल, तो धुऊन येईल. मी असं लिहायला हवं होतं.

चौदा ऑक्टोबरला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आम्ही तिघं जालन्याला येतो आहोत. चार दिवस राहू. नागसेन तुमच्याजवळच झोपेल, तो तसंच म्हणतो आहे. मायने चार दिवस घरातला शेंगदाणा शेजारी ठेवून द्यावा, म्हणजे एकाचंही ताट वेगळं मांडावं लागणार नाही. तुम्हाला चटणीवाचून राहावं लागेल. ती शिक्षा समजा.

तुम्ही मोकळं लिहिलंत म्हणून मला पुढचं सुचलं. दोन घासांत जे झालं ते वाचून मी ठरवलं की रांगेत बसून राखण करणं पुरेसं नाही. माझी मान कधीतरी वळणारच. आणि ओट्यावर मी त्याला बसवणार नाही, तुमच्यासाठीही नाही आणि त्याच्यासाठीही नाही. म्हणजे शेंगदाणाच बालवाडीतून गेला पाहिजे.

मी एकटीच गिरिजाबाईंच्या घरी गेले. त्या वाकळेला टाके घालत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मी बसले. नागसेनचं जालन्याचं सगळं सांगितलं, तुमचं नाव न घालता. ऐकता ऐकता त्यांची सुई थांबली. त्यांचंही एक लेकरू घटसर्पाने गेलं आहे, हे मला माहीत नव्हतं. गळा धरतो म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

पण लगेच म्हणाल्या, "माझ्या शेंगा साऱ्या गावाला चालतात. एका लेकरापायी बंद करू?"

मी म्हणाले, शेंगांऐवजी हरभरा द्या. फुटाण्याच्या डाळ्याचा लाडू सगळ्यांना चालतो, नागसेनलाही.

"हरभरा देईन. घरी हाय. पण भाजणार कोन, कुटणार कोन? शेंगा फोडल्या की झालं. तुळजाबाईच्यानं उखळ होतंय का आता?"

"मी करीन. रोज."

यावर त्यांनी सुई वाकळेत खोवली. मग हळूच म्हणाल्या, "तू चांगली हायेस बाई. पण तुझ्या हातचं खातील का लेकरं, हे मी सांगू शकत न्हाई."

मी म्हणाले, "लेकरं खातील. घरचे खाऊ देतात का, ते बघू."

त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली आणि पायलीभर हरभरा पदरात घातला. मला स्पर्श होऊ नये म्हणून वरून ओतला की वाकता येत नाही म्हणून, ते मी विचार करत बसले नाही. हरभरा आला, एवढं मी धरलं.

मच्छिंद्रने उखळ बसवून दिलं. तुळजाबाई आधी फुगून बसल्या होत्या, आपलं काम गेलं म्हणून. मी म्हणाले, काम तुमचंच, हात फक्त माझे. मग त्यांनीच मला गूळ किती कडक घ्यायचा ते शिकवलं. खोली, डबे, परात, सगळं मी राखेने तीनदा घासलं. उषाबाईंनी पाणी ओतलं. पाणी ओतता ओतता त्या म्हणाल्या, ओट्याचं मी सरळ मनाने म्हटलं होतं. मी म्हणाले, असेल. तुम्ही आता रांगेत वाढायला उभ्या राहा, म्हणजे मलाही तसंच वाटेल. त्या उभ्या राहिल्या.

सोमवारी पहिला खाऊ केला. सत्तावीस लाडू. खाऊच्या वेळी दारात आयांची गर्दी झाली. आपापल्या मुलाला हाताला धरून पंधरा जणी घेऊन गेल्या. नागसेन तेव्हा विचारत होता, सगळे कुठे चालले? अकरा मुलं बसली. त्यांनी खाल्लं, दोघांनी दुसरा मागितला. मंगळवारी नऊच राहिली. बुधवारी बारा. गिरिजाबाईंचा नातू तिन्ही दिवस आला नव्हता. आज आला, घरून भाकरी घेऊन. मी त्याला म्हणाले, घरचं खा, पण रांगेत बसून खा. त्याने नागसेनच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली आणि लाडू हातात घेऊन घरी गेला. घरी त्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

नागसेनने आज पहिल्यांदा आपल्या हाताने परातीतला लाडू घेतला. सगळ्यांचा तोच त्याचा. मी त्याच्या शेजारी बसले नव्हते. चुलीपाशी होते, पाठमोरी.

आज बालवाडीत तेरा मुलांनी खाल्लं. तेरा लाडू उरले, ते तुळजाबाई आणि मी वाटून घेतले. आता संध्याकाळ झाली आहे. उद्याचं डाळं भाजून, कुटून, गुळात वळून झालं आहे. सत्तावीस लाडू वळले आहेत.

तुमची
प्रभा